कुलूप नसलेली धर्मशाळा

"विंचूरचा माणूस आणि ट्रेकिंग? हे कसं काय बुवा?" असं मला पुण्यात नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्या गावाला डोंगर नाही. चौफुली आहे, कांद्याचा बाजार आहे, द्राक्षाच्या बागा आहेत, पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळे इतिहासात थोडीफार जागा आहे, आणि अलीकडच्या काळातला वाइन पार्क आहे. जमीन मात्र ताटासारखी सपाट. पण पावसाळा सरला, हवा धुऊन निघाली, की उत्तरेला सातमाळ्याची रांग उमटते. पश्चिमेला हातगड-अचला, पूर्वेला अंकाई-टंकाई, आणि मधे मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई अशी किल्ल्यांची माळच्या माळ. सगळे काही आमच्या गच्चीवरून दिसत नाहीत, पण जेवढे दिसतात तेवढे पोराला बिघडवायला पुरेसे होते :)

तर आज लिहायचंय ते धोडपबद्दल. नेमकं सांगायचं तर धोडपच्या माथ्याखाली जी गुहा आहे तिच्याबद्दल, आणि अशा सगळ्याच गुहांबद्दल. माझं म्हणणं एका ओळीत असं: किल्ल्यावरच्या गुहा आणि पाण्याची टाकी मिळून आपल्या डोंगरातल्या धर्मशाळा झाल्या आहेत, त्या आता मोडकळीला आल्यात, आणि त्या वाचवायला सिमेंट लागत नाही. लागतो तो हिशेब, आणि पायथ्याच्या गावाच्या हातातली राखण.

पटलं नसेल तर पुढे वाचा. पटलं असेल तरी वाचाच, लांबलचक आहे पण रविवार आहे.

आधी वाट. विंचूरहून लासलगाव, तिथून चांदवडच्या बाजूने मुंबई-आग्रा रस्त्यावर यायचं, वडाळीभोईला वळायचं, धोडांबे मागे टाकलं की हट्टी गाव. समोर धोडप. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: डोंगराच्या माथ्यावर शिवलिंगासारखा सुळका आणि त्याच्या बाजूला कातळाची एक लांब भिंत. त्या भिंतीला मधेच चौकोनी खाच. कुणीतरी विटांच्या भिंतीतून चार विटा काढून घ्याव्यात तशी. या भिंतीला भूगर्भवाले डाइक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपलं दख्खन तयार झालं, तेव्हा भेगांमधून वर आलेला रस जागच्या जागी थिजला. आजूबाजूचा मऊ दगड ऊन-पावसाने झिजून गेला, ही भिंत उभी राहिली.

उंची समुद्रसपाटीपासून साडेचौदाशे मीटरच्या आसपास. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे धोडप काही फार मागे नाही. हट्टीतून माचीपर्यंतची चढण दमवणारी, पण सरळ. माचीवर देवळं, जुनी पुष्करणी, थोडी वस्ती. खरी मजा त्यानंतर. लोखंडी शिडी, कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे, दरवाज्याजवळ फारसी शिलालेख. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला हवा. आठवडाभर खुर्चीत बसून रिलीज काढणाऱ्या माणसाचे गुडघे इथे बोलायला लागतात. पाठीवर पंधरा किलोची सॅक असेल तर माचीवरच आपण स्वतःला विचारतो, की बाबा, एवढे पैसे कमावतोस ते कशासाठी?

आणि मग गुहा येते. सुळक्याच्या पोटात, देवीचं ठाणं असलेली, जवळ पाण्याचं टाकं. सॅक खाली टाकली, टाक्यातलं गार पाणी प्यायलं, की तो प्रश्न मिटतो. पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या आणि सप्तशृंगी. पूर्वेला कांचना, राजधेर, इंद्राई. खाली दिवे लागत असतात. ह्या गुहेला दार नाही, कुलूप नाही, बुकिंग नाही, भाडं नाही. पहिला येईल त्याला चांगला कोपरा, बाकीच्यांनी वाऱ्याच्या बाजूला. आईला हे अजून पचत नाही. "घरी चांगला पलंग असताना दगडावर झोपायला दोनशे किलोमीटर येतोस?" असं ती दर वेळी म्हणते आणि दर वेळी पोळ्या बांधून देते.

आता थोडं परदेशात जाऊ. माझा एक कॉलेजमधला मित्र ऑनसाइटला झुरिकला होता. तिथून आल्प्समध्ये एका हटवर मुक्काम करून आला आणि मला लांबच्या लांब मेल पाठवली. मेलचा मथळा: "इथे बूट बाहेर काढावे लागतात." म्हटलं, हे काय, देवळात गेला होतास का? पुढे वाचलं तर खरंच देवळासारखंच प्रकरण. बूट बाहेरच्या खोलीत फळीवर. आतमध्ये सपाता. झोपायला हटची गादी-पांघरूण, पण आपली पातळ शिवलेली चादर आपण न्यायची, त्याशिवाय पांघरुणात शिरायचं नाही. जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकच. बऱ्याच उंच ठिकाणी प्यायचं पाणी विकत, कारण बर्फ वितळवायलाही इंधन लागतं आणि सामान हेलिकॉप्टरने येतं. आपला कचरा आपल्या पिशवीत, खाली उतरेपर्यंत. आणि एक वही. त्यात नाव, कुठून आलात, उद्या कुठे जाणार. उशिरा कुणी पोचलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या वहीवरून कळतं.

स्विस अल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांनी ट्योडी शिखराच्या वाटेवर पहिली हट बांधली. आज त्यांच्याकडे दीडशेच्या आसपास हट आहेत. माँटे रोझाची नवी हट २००९ साली उभी राहिली, तिला लागणारी बरीचशी वीज ती स्वतःच उन्हातून तयार करते. पण मला त्या मेलमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी होती. हिवाळ्यात हटचा राखणदार खाली निघून जातो. जाताना बऱ्याच हटमध्ये एक खोली उघडी ठेवून जातो. तिला विंटररूम म्हणतात. आत गाद्या, चूल, फोडलेली लाकडं आणि भिंतीला एक पेटी. कुणी बघायला नाही. तुम्ही राहायचं, लाकडं जाळली तर पुढच्यासाठी फोडून ठेवायची, झाडून घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे आणि दार नीट लावून निघायचं.

हे वाचल्यावर मला वाटलं, अरे, ही तर धर्मशाळा! आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही. तीर्थाच्या वाटेवर, घाटाच्या तोंडाशी, नदीच्या उताराला धर्मशाळा आणि पाणपोया असायच्या. अहिल्याबाई होळकरांनी तर देशभर त्या बांधल्या, आणि आमच्या शेजारच्या चांदवडला त्यांचा रंगमहाल अजून उभा आहे. म्हणजे वाटसरूला आसरा देणं आपल्याला शिकवावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की धर्मशाळेला एक व्यवस्था असायची. कुणीतरी झाडायचं, कुणीतरी रांजण भरायचं, कुणीतरी त्यासाठी जमीन लावून दिलेली असायची. किल्ल्यावरच्या गुहांचंही कधीकाळी तसंच असणार. किल्ला नांदता होता तेव्हा टाक्यांवर शिबंदीचा जीव अवलंबून होता. धोडपसाठी मुघलांनी १६३५-३६ च्या सुमारास मोहीम काढली, १७६८ साली थोरल्या माधवरावांनी इथेच राघोबादादांचा पराभव करून त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात ठेवलं. १८१८ साली इंग्रज आले. आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या त्यांनी सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदनला आज दोर लावून चढावं लागतं ते त्यामुळेच. शिबंदी गेली, राखण गेली. गुहा आणि टाकी मागे उरली.

दोनशे वर्षं ती तशीच टिकली, कारण जाणारे मोजके होते. गुराखी, देवीला जाणारे, एखादा साधू, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत डोंगरवेडी मंडळी. आता काय झालंय ते तुम्हाला माहीतच आहे. रस्ते झाले, गाड्या आल्या, जीपीएस ट्रॅक आले, रील्स आल्या. शनिवारी दुपारी वाइन, रविवारी पहाटे किल्ला, असं पॅकेज करणारे माझेच मित्र आहेत. येऊ देत ना. डोंगर बघून कुणाचं वाईट झालेलं नाही. पण हिशेब मात्र करू या. आपण इंजिनिअर आहोत, कपॅसिटी प्लॅनिंग हा आपला धंदा आहे.

समजा, एक टाकं तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि त्यात दीड मीटर पाणी. नऊ घनमीटर, म्हणजे नऊ हजार लिटर. हे पावसाळ्यात भरतं आणि मग जूनपर्यंत वर नवा थेंब पडत नाही. ऑक्टोबर ते मे म्हणजे जवळजवळ पस्तीस वीकेंड. माणशी पिण्याला, चहाला, खिचडीला मिळून सहा लिटर धरा. तीस माणसं मुक्कामाला आली तर वीकेंडला एकशे ऐंशी लिटर. पस्तीस वीकेंडचे सहा हजार तीनशे. उरलेलं बाष्पीभवनाला, माकडांना, पाखरांना आणि गुराख्याला. गाडी कशीबशी चालते. आता शंभर माणसं आणा. वीकेंडला सहाशे लिटर. पंधरा वीकेंडमध्ये टाकं संपलं. म्हणजे ऑक्टोबरात सुरू केलं तर संक्रांतीला ठणठणाट! पुढचे साडेचार महिने ती गुहा मुक्कामाच्या कामाची नाही, कारण पाणी नसलेली गुहा म्हणजे फक्त सावली.

हे झालं पाणी नीट वापरलं तर. पण तेलकट पातेलं कुणी थेट टाक्यात बुडवलं तर? एका मुक्कामात मी हे पाहिलंय. पंचवीस-तीस जणांचा एक ग्रुप होता, कुठला ते सोडा. जेवणं झाल्यावर दोघं जण पातेली घेऊन टाक्याकडे निघाले. मी म्हटलं, "दादा, पाणी बाहेर काढून घासा ना, हे प्यायचं आहे." तो मनापासून चकित होऊन म्हणाला, "अहो, एवढं तर आहे!" त्याची चूक एवढीच, की त्याच्या डोक्यात नळ होता. नळाचं पाणी वाहून जातं. टाक्याचं जात नाही. जे आत पडलं ते पुढच्या पावसापर्यंत आतच. एका पातेल्याने नऊ हजार लिटरची वाट लागते, तिथे शंभर माणसांची गरजच नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर टाकं रीड-ओन्ली असायला हवं. दोरी आणि एक स्वच्छ भांडं, त्याने पाणी काढायचं. आत काहीही जाणार नाही. हात नाही, पाय नाही, बाटली नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेला ठिबकने पाणी देतात. कुठल्या आठवड्यात वेलीला किती द्यायचं हे वडिलांना तोंडपाठ असतं, आणि ठिबकच्या टाकीत कुणी हात घातलेला त्यांना अजिबात चालत नाही. तोच माणूस, तेच पाणी, फक्त डोंगरावर गेलं की ते कुणाचंच नसतं, म्हणून सगळ्यांचं होतं आणि मग कुणाचंच उरत नाही.

गुहेचंही तेच. आत चूल पेटवली की छत काळं होतं, हे दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की कातळाला आग्या मोहोळं असतात आणि धुराने ती उठतात. मधमाश्यांच्या हल्ल्यात किल्ल्यांवर माणसं गेलेली आहेत. शिवाय त्या गुहेत देवी आहे. हट्टीच्या लोकांसाठी ती गुहा म्हणजे देऊळ आहे. देवळात आपण झोपायला जागा मागतो, तर निदान पाहुण्यासारखं वागावं.

मग उपाय काय? दोन उपाय नेहमी पुढे येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिला म्हणजे बंदी. मुक्कामच बंद करा. काही गडांवर तशी पाळी आलीही आहे. पण बंदी दिवसा येणाऱ्या पाचशे जणांना लागत नाही, रात्री राहणाऱ्या पंधरा जणांना लागते. आणि डोंगर समजतो तो रात्री राहणाऱ्याला. ज्याने टाक्यातलं पाणी पिऊन रात्र काढली, तोच उन्हाळ्यात गाळ काढायला परत येतो. आमच्या नाशिकमध्ये शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेसारखी मंडळी रविवारी घमेली-फावडी घेऊन टाकी साफ करायला जातात. ही मंडळी काही दुर्बिणीतून किल्ला बघून तयार झालेली नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे सोय. वर खोल्या बांधा, हॉटेल काढा, रोपवे टाका. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातले काही किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याची योजना बाहेर आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि सरकारला खुलासे करावे लागले, ते आठवत असेल. सोय वाईट असं मी म्हणत नाही. याच सातमाळ्यात सप्तशृंगीला २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. तिथे लाखो भाविक येतात, त्यात म्हातारी माणसं असतात, त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. माझी आजी तिच्यातूनच वर गेली. पण धोडपला ती टाकली तर तीस माणसांचं टाकं तीन हजार माणसांच्या पुढ्यात येईल, मग टँकर, मग पाइप, मग बाटल्या. आल्प्सवाल्यांकडे पैसा आणि हेलिकॉप्टर असूनही त्यांना हे जमलेलं नाही. माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवरच्या गूते रेफ्यूजमध्ये १२० जणांची सोय आहे. गर्दी इतकी झाली की २०१९ पासून रेफ्यूजमधलं आरक्षण दाखवल्याशिवाय त्या वाटेने वर सोडत नाहीत. म्हणजे इमारत वाढवून प्रश्न सुटला नाही, शेवटी माणसं मोजावीच लागली.

मग आपण आधीच मोजू या की. माझा प्रस्ताव साधा आहे. गुहा आहे तशी राहू दे. दार नको, फरशी नको, सोलरचा दिवासुद्धा नको. पायथ्याच्या गावात एक वही असू दे. रात्री राहणाऱ्याने तिथे नाव लिहायचं, कोण, किती जण, कधी उतरणार. डोंगरात कुणी अडकलं की आपल्याकडे शोधायला जातात ते गावकरी आणि रेस्क्यू टीमचे कार्यकर्ते, आणि ते आपली नोकरी-शेती सोडून, फुकट जातात. त्यांना निदान कुठे शोधायचं ते कळेल. माणशी ठरावीक रक्कम द्यायची. त्यातून गावातल्या एका-दोघांना राखणीचं मानधन: टाकं बघणं, गुहा झाडणं, उन्हाळ्यात गाळ काढून घेणं. आणि आज रात्री वर किती जण राहू शकतात हे त्यांनी ठरवायचं, टाक्यातली पातळी बघून. ऑक्टोबरात तीस, मार्चमध्ये दहा, मेमध्ये कदाचित शून्य. जेवण गावात बनेल, भाकरी-पिठलं बांधून मिळेल, वर चूल पेटायचं कारण उरणार नाही. वन विभाग आणि पुरातत्त्व विभाग यांची परवानगी लागेल तिथे ती ग्रामपंचायतीमार्फत घ्यायची. ह्यात रॉकेट सायन्स काहीच नाही, एक वही, एक दोरी, एक भांडं.

"म्हणजे आता किल्ल्यावर जायलाही पैसे? शिवरायांचे किल्ले सगळ्यांचे आहेत!" हा आक्षेप येणारच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. किल्ले सगळ्यांचे आहेत हे शंभर टक्के मान्य. दिवसा या, बघा, उतरा, एक पैसा नको. पण रात्रीचा मुक्काम म्हणजे टाक्यातला वाटा उचलणं. तो वाटा मोजून घ्यावा, एवढंच. आणि हट्टीतलं शाळकरी पोर, चांदवडचा कॉलेजवाला, पालखीतला वारकरी यांना पैसे नकोतच. गाव त्यांना ओळखतं. पुण्या-मुंबईहून पेट्रोलला तीन हजार घालवून येणाऱ्याने गुहेसाठी शंभर रुपये द्यायला कुरकुर करू नये. आपण एका कॉफीला त्याहून जास्त देतो, आणि तिथे रात्रभर झोपूही देत नाहीत :)

दुसरा आक्षेप माझ्याच एका मित्राचा. तो म्हणाला, "गावाच्या हातात दिलं की राजकारण होईल." होईल. पण आज काय आहे? आज तिथे कुणाचीच राखण नाही, आणि घाण झाल्यावर ती काढतं गावच. उन्हाळ्यात चांदवडच्या बाजूला पाण्याचे काय हाल असतात ते इकडच्या कुणालाही विचारा. माचीवर राहणाऱ्यांना डोंगरावरचं पाणी ही चैन नाही. हट्टीत मागे एका मावशींकडे आम्ही चहाला थांबलो होतो. त्यांना विचारलं, वर लोक येतात त्याचा त्रास होतो का? म्हणाल्या, "येऊ द्या की बाबा, देवीच्या दारी कोणाला नाही म्हणायचं? पण पाणी तेवढं चांगलं ठेवा. वर गुरं जातात, पोरं जातात." त्यांनी गर्दीबद्दल, आवाजाबद्दल, गाड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. पाण्याबद्दलच बोलल्या.

ही घाई आत्ता करायला हवी असं मला वाटतं, कारण २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि त्यात आमच्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. अभिमान वाटलाच, पेढेही वाटले. पण साल्हेरवरही गुहा आहेत, गंगासागर तलाव आहे, आणि आता तिथे सगळं जग येणार आहे. साल्हेरला गर्दी झाली की ती सातमाळ्यात पाझरणार, धोडपला, राजधेरला, इंद्राईला. तिथे कुणी योजना घेऊन येण्याआधी गावांनी आपली वही उघडलेली बरी. नाहीतर कुणीतरी आपल्यासाठी टेंडर काढेल, आणि मग गुहेला दार बसेल, दाराला कुलूप बसेल, आणि किल्ली कुठल्यातरी ऑफिसात असेल.

सातमाळ्याची रांग हा गोदावरी आणि तापी यांच्यामधला पाणलोट आहे. दक्षिण उतारावर पडलेलं पाणी आमच्या बाजूने गोदावरीत जातं, उत्तर उतारावरचं गिरणेतून तापीत. एकाच ढगातलं पाणी, थोडं बंगालच्या उपसागरात, थोडं अरबी समुद्रात. त्या सगळ्या पाण्यातलं नऊ हजार लिटर कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीने कातळ खोदून वरच्या वर अडवून ठेवलं, वाटसरूला रात्री तहान लागेल म्हणून. तेवढं तरी आपण सांभाळू.

असो. नोव्हेंबर-डिसेंबर हा धोडपचा उत्तम मोसम. येणार असाल तर हट्टीत आधी कुणाशी तरी बोला, आज वर किती जण आहेत ते विचारा. जास्त असतील तर माचीवर राहा, किंवा गावात देवळाच्या ओसरीवर. आणि सॅकमध्ये दोन वस्तू न विसरता टाका: पंधरा फूट दोरी आणि एक स्वच्छ लहान पातेलं. उतरताना दोन्ही गुहेतच ठेवून या, मागून येणाऱ्याच्या उपयोगी पडतील.